अनुदान आलें, हिशेब कोठें आहे?

दिवाळींत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं आमच्या पेठेंतील दुकानादुकानांत चोपड्यांची पूजा होते. नव्या वहीवर कुंकवाचें स्वस्तिक निघतें, विड्याचीं पानें व सुपारी ठेविली जाते, आणि ज्या कीर्द-खतावणीनें वर्षभर पेढीची अब्रू राखिली तिला यजमान हात जोडतो. हल्लीं वहीच्या ठिकाणीं पुष्कळदां संगणक असतो. तरी हात जोडले जातातच, आणि तें योग्यच आहे. ज्याचा रोजमेळ रोज जुळत नाहीं तो व्यापारी फार दिवस व्यापारी रहात नाहीं, हें पेठेंत कोणास शिकवावें लागत नाहीं. तीन रुपयांची तफावत निघाली तर ती सांपडेपर्यंत मुनीमास घरीं जाऊं न देणारे शेटजी आम्हीं पाहिले आहेत. पण हेच शेटजी गांवच्या शिक्षणसंस्थेच्या कार्यकारी मंडळांत बसले, कीं पंचवीस लाखांचा ताळेबंद 'मंजूर, मंजूर' म्हणून पांच मिनिटांत पुढें ढकलतात आणि चहा मागवितात! दुकानांतील तीन रुपये आपले, आणि शाळेचे पंचवीस लाख कोणाचेच नव्हेत, असा कांहीं हिशेब त्यांच्या मनांत असतो काय? असेल, तर तो साफ चुकीचा आहे. आणि कायद्याच्या दृष्टीनें पाहिलें तर त्यांच्या स्वतःच्या खिशास धोक्याचाही आहे.

प्रसंग घडलेला सांगतों. संस्थेचें व गांवाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं, कारण दोष त्या एका संस्थेचा नव्हे. एका तालुक्याच्या गांवीं पन्नास-साठ वर्षांची जुनी शाळा. वर्ग बहुतेक अनुदानित. पण मागाहून वाढलेल्या चार तुकड्या विनाअनुदानित, आणि त्यांवरील शिक्षकांचा पगार संस्थेनें आपल्या पदरचा द्यावयाचा. एका कंपनीनें शास्त्राच्या प्रयोगशाळेसाठीं बारा लाख रुपये देऊं केले व सहा लाखांचा पहिला हप्ता पाठविला. त्याच सुमारास सरकारकडून यावयाचें वेतनेतर अनुदान रखडलें, पालकांकडील फी तुंबली, आणि त्या चार तुकड्यांवरील शिक्षकांचे तीन महिन्यांचे पगार थकले. संस्थेचे चिटणीस म्हणजे एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक, उभ्या गांवाचे गुरुजी. त्यांनीं प्रयोगशाळेच्या पैशांतून साडेतीन लाख उचलून पगार भागविले. अनुदान आलें कीं परत भरूं, असें ठरलें. ठरलें म्हणजे मनांत ठरलें, कोठें लिहिलें गेलें नाहीं. अनुदान आलें नाहीं. मार्च संपला, कंपनीनें विनियोगाचा दाखला मागितला, आणि 'संपूर्ण रक्कम मंजूर कार्यार्थ खर्च झाली आहे' या छापील वाक्याखालीं गुरुजींनीं सही केली. जूनमध्यें कंपनीचा माणूस पाहणीस आला. टेबलें होतीं, नळ होते, कंपनीच्या नांवाचा फलक तर फारच सुबक होता; कपाट उघडलें तेव्हां सूक्ष्मदर्शकांच्या ऐवजीं आंतून जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे निघाले.

पुढचें सांगावयास नको. दुसरा हप्ता बंद झाला, पहिल्याची परतफेड मागण्यांत आली, मुलींच्या स्वच्छतागृहासाठीं पैसे देऊं करणारा दुसरा दाता बातमी ऐकून मागें सरला, आणि कोणा असंतुष्ट सभासदानें धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज केला. मंडळी आमच्या कचेरींत आली तेव्हां गुरुजींचें पहिलें वाक्य हें होतें : "वकीलसाहेब, एक पैसा कोणीं खाल्लेला नाहीं." तें अक्षरशः खरें होतें. पण आम्हांस त्यांना सांगावें लागलें कीं, "गुरुजी, प्रश्न खाल्ल्याचा नाहींच. एका कामासाठीं विश्वासानें दिलेली रक्कम आपण दुसऱ्या कामास लाविली, आणि लाविली नाहीं असें सही करून सांगितलें. पहिली गोष्ट वेळेवर एक पत्र लिहून निस्तरतां आली असती. दुसरी तशी निस्तरत नाहीं." गुरुजी बराच वेळ बोलले नाहींत. प्रगतिपुस्तकावरील बापाची खोटी सही चाळीस वर्षें एका दृष्टिक्षेपांत ओळखणाऱ्या माणसावर ही पाळी यावी, याचें वाईट कोणास वाटणार नाहीं?

सर्व घोटाळ्याचें मूळ एका समजुतींत आहे. संस्थेच्या बँकखात्यांत जमा झालेला सगळा पैसा संस्थेचा, असें आपल्याकडे सरसकट मानलें जातें. वस्तुतः त्यांत दोन जातींचा पैसा असतो. फी, सभासदांची वर्गणी, बिनअटीची देणगी हा एक. तो संस्थेच्या उद्देशांच्या मर्यादेंत मंडळानें आपल्या विचारानें खर्च करावा. पण अमुक कार्यासाठीं म्हणून आलेलें अनुदान वा देणगी ही ठेव आहे, आणि मंडळ तिचें मालक नसून राखणदार आहे. हें व्यापाऱ्यांस समजण्यास कठीण जाऊं नये. अडत्याच्या दुकानीं शेतकऱ्याची हळद आली, विकली गेली, पैसे गल्ल्यांत पडले. म्हणून ते अडत्याचे झाले काय? अडत तेवढी त्याची, बाकीची पट्टी शेतकऱ्याची. ती पट्टी अडत्यानें स्वतःच्या देण्यांत वळविली तर बाजारांत त्याची पत किती दिवस टिकते, तें पेठेस ठाऊक आहे. प्रयोगशाळेचे सहा लाख ही अशीच परक्याची पट्टी होती. ती पगारासाठीं वळविली कीं लग्नासाठीं, यानें पापाचें वजन कमी-अधिक होईल. पट्टी परक्याची होती ही गोष्ट बदलत नाहीं.

आपल्याकडील शिक्षणसंस्था बहुधा दोन कायद्यांखालीं नांदतात. एक १८६० चा संस्था-नोंदणी कायदा, आणि दुसरा १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा, ज्याच्या नांवांतील 'मुंबई' जाऊन २०१२ सालीं तेथें 'महाराष्ट्र' आलें. या दुसऱ्या कायद्यानें नियमित हिशेब ठेवणें, ते दरवर्षीं तपासून घेणें, विश्वस्तांत फेरबदल झाला तर नव्वद दिवसांत कळविणें, स्थावर मिळकत विकण्यापूर्वीं धर्मादाय आयुक्तांची परवानगी घेणें, हीं बंधनें घातलीं आहेत. हिशेबतपासनिसास नियमबाह्य खर्च दिसला तर तो त्यानें अहवालांत नमूद करावयाचा आहे. आणि विश्वस्ताच्या विश्वासघातानें अथवा घोर निष्काळजीपणानें संस्थेचें नुकसान झालें असें चौकशींत ठरलें, तर तें त्याच्याकडून भरून घेण्याचा अधिकारही कायद्यांत आहे. 'आम्ही नुसत्या सह्या करीत होतों' असें सांगणारे विश्वस्त आम्हांस वारंवार भेटतात. तो बचाव आहे असें त्यांना वाटतें; कायद्याच्या भाषेंत तो कबुलीजबाब आहे.

कोणी म्हणतील कीं, अटी आणि दाखले यांचा हा जाच इंग्रजांनीं मागें टाकलेला वारसा आहे. स्वराज्यांत त्याचे गोडवे कशास? हें म्हणणें अर्धें खरें आहे. १८५४ सालच्या वुडसाहेबांच्या खलित्यानें खाजगी शाळांस सरकारी मदत देण्याचें तत्त्व घालून दिलें, तेव्हांच तीस अटी जोडलेल्या होत्या : ऐहिक शिक्षण चांगलें असावें, स्थानिक व्यवस्थापन भरंवशाचें असावें, विद्यार्थ्यांकडून कांहीं फी घ्यावी, आणि सरकारी तपासणी मान्य करावी. तपासणीच्या फटींतून राजसत्तेचें बोट शाळेंत शिरतें, हें आपल्या पूर्वसूरींस पुरतें ठाऊक होतें. तळेगांवचें समर्थ विद्यालय सरकारनें १९१० सालीं बंद पाडलें, तें कांहीं विनियोगाचा दाखला वेळेवर आला नाहीं म्हणून नव्हे! राजसत्तेस एखादी शाळा नकोशी झाली म्हणजे तिला हिशेबाचें निमित्त लागतेंच असें नाहीं. पण निमित्त आयतें मिळालें तर ती तें सोडीतही नाहीं.

मात्र दुसरें अर्धें खोटें आहे. हिशेब हा इंग्रजांचा शोध नव्हे, आणि ज्यांनीं आपल्याकडे शिक्षणसंस्था उभारल्या त्यांनीं सरकार विचारील म्हणून हिशेब दिला नाहीं. १८८० सालीं पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल निघालें, १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, आणि १८९० सालीं टिळक तींतून बाहेर पडले. त्या वादांत जे प्रश्न होते त्यांतील एक मोठा प्रश्न हाच होता, कीं आजीव सभासदानें संस्थेबाहेर कमाई करावी कीं न करावी. त्याचा वेळ आणि त्याची शक्ति ही कोणाची? कोणाची बाजू बरोबर होती हें आज ठरवीत बसण्याची जरुरी नाहीं. पण तो वाद त्यांनीं कुजबुजींत ठेविला नाहीं. सविस्तर राजीनाम्यांत, कारणांसह, लेखी मांडला. आपल्या आजच्या संस्थांतील भांडणांचीं खरीं कारणें जर अशीं लेखी निघालीं, तर निम्मे खटले वकिलांपर्यंत येणारच नाहींत. (आम्ही आमच्या धंद्याच्या हिताविरुद्ध बोलत आहों, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.)

अण्णासाहेब कर्व्यांची गोष्ट याहून अधिक लागू आहे. हिंगण्याच्या कामासाठीं त्यांनीं दारोदार फिरून लहान-मोठ्या वर्गण्या जमविल्या, आणि १९१६ सालीं महिला विद्यापीठ काढलें. सरकारी सनद नव्हती. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं पंधरा लाख रुपयांची देणगी दिली, आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचें नांव लागलें. ती अट होती, आणि ती कोणीं लपविली नाहीं. विद्यापीठाच्या नांवांतच ती आजवर सर्वांस वाचतां येते. कायद्यानें मान्यता मिळाली ती १९५१ सालीं, म्हणजे स्थापनेपासून पस्तीस वर्षांनीं. इतकीं वर्षें विद्यापीठ राजमान्यतेवांचून, लोकांच्या आणि दात्यांच्या पैशावर उभें राहिलें. अटीचा पैसा घेतल्यानें संस्था परतंत्र होते असें जे म्हणतात, त्यांनीं याचा विचार करावा. अट उघडपणें मान्य करून ती अक्षरशः पाळणारी संस्था दात्याच्या डोळ्यास डोळा भिडवूं शकते. तोंडानें अट मान्य करून हातानें ती चुकविणारी संस्थाच दात्याची मिंधी होते, कारण तिचें एक गुपित नेहमीं दुसऱ्याच्या मुठींत असतें.

आणि सातारा जिल्ह्याकडे पहा. १९१९ सालीं भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्था काढली. १९४८ सालीं, म्हणजे इंग्रज गेल्यावर वर्षाच्या आंतबाहेर, आपल्याच सरकारनें तिचें अनुदान बंद केलें. कारण हिशेबांतील खोट हें नव्हतें. राजकीय रोष हें होतें. संस्था बुडाली नाहीं. खेड्यापाड्यांतील लोक तिच्या पाठीशीं उभे राहिले, आणि पुढें सरकारासही अनुदान पुन्हा सुरू करावें लागलें. आतां क्षणभर अशी कल्पना करा कीं, त्याच वेळीं रयतच्या दप्तरांत एखादा खोटा दाखला सांपडला असता. तर मग रोषास न्यायाचा वेष चढविण्यास किती वेळ लागला असता? सरकारशीं भांडण्याचा हक्क ज्या संस्थेस टिकवावयाचा असेल तिनें आपलें दप्तर सर्वांच्या आधीं स्वच्छ ठेविलें पाहिजे. आम्ही अनुदानाच्या अटी पाळा असें म्हणतों, तें सरकारचें मन राखण्यासाठीं म्हणत नाहीं. सरकारास 'नाहीं' म्हणतां यावें यासाठीं म्हणतों.

दप्तर घाण झालें म्हणजे काय होतें, याचें चित्र आपण ऑक्टोबर २०११ मध्यें पाहिलें आहे. पटावर मुलें आहेत, वर्गांत नाहींत. तरी त्या पटावर तुकड्या, तुकड्यांवर शिक्षक आणि शिक्षकांवर अनुदान, अशी शिडी कित्येक ठिकाणीं उभी राहिली होती. नांदेड जिल्ह्यांत हा प्रकार उघडकीस आल्यावर सबंध राज्यांत एकाच वेळीं तीन दिवस पटपडताळणी झाली, आणि एकच मूल दोन शाळांत मोजलें जाऊं नये म्हणून मतदाराप्रमाणें मुलांच्या बोटांस शाई लावण्यांत आली. सात-आठ वर्षांचीं मुलें तें बोट घरीं आईस दाखवीत होतीं. ज्यांचे पट खरे होते अशा शाळांच्या मुलांच्याही बोटांस तीच शाई लागली, हें विसरूं नये. एका संस्थाचालकाच्या खोट्या पटाचा डाग शेजारच्या प्रामाणिक शाळेवर पडतो. म्हणून 'त्यांचें ते पाहतील' असें म्हणून चालत नाहीं.

सरकारची बाजू मात्र आम्ही निर्दोष समजत नाहीं. २००१ सालीं नव्या शाळांस 'कायम विनाअनुदानित' असा शिक्का मारून परवानग्या देण्याचें धोरण निघालें. २००९ सालीं त्यांतील 'कायम' हा शब्द गाळण्यांत आला. आणि त्यानंतर टप्प्याटप्प्यानें, वीस-वीस टक्क्यांनीं, अनुदानाचे तुकडे पडूं लागले. मध्यंतरींच्या वर्षांत तेथील शिक्षक काय खात होते, याचा दाखला सरकारनें कोणाकडे सादर केला? शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यान्वयें खाजगी शाळांनीं दुर्बल घटकांच्या मुलांस पंचवीस टक्के जागा द्यावयाच्या आणि त्यांचा खर्च सरकारनें भरून द्यावयाचा, असें ठरलेलें आहे; जागा दरवर्षीं द्याव्या लागतात, रक्कम मात्र वर्षानुवर्षें तुंबते, ही शाळांची तक्रार जुनी आहे. दाखला मागतांना सरकार तारीख घालतें, पैसे देतांना घालीत नाहीं. आमच्या मतें अनुदानाच्या प्रत्येक मंजुरीपत्रांत जशी हिशेब देण्याची मुदत असते, तशी हप्ता सोडण्याचीही मुदत असली पाहिजे, आणि ती टळल्यास तिचें कारण लेखी मिळालें पाहिजे. आमच्या गुरुजींचें पाऊल घसरलें त्यास जबाबदार तेच. परंतु जमीन निसरडी कोणीं केली, हेंही विचारलें पाहिजे.

आतां दात्यांच्या तऱ्हा पहा. केंद्र सरकारच्या अनुदानास २०१७ चे सामान्य वित्तीय नियम लागतात. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आंत विनियोगाचा दाखला द्यावा लागतो. अनुदान बँकेंत पडून राहिलें तर त्यावरील व्याजही दात्याचें. आणि त्या पैशांतून घेतलेली वस्तु परवानगीवांचून विकतां येत नाहीं, म्हणून तिची नोंदवही स्वतंत्र ठेवावी लागते. व्याजाच्या बाबतींत संस्था बहुधा चुकतात. 'तेवढ्यांत काय' म्हणून तें सामान्य खर्चांत जिरवितात, आणि मग तीन वर्षांनीं हिशेबतपासणींत त्याचें काटें फुटतें.

कंपन्यांचा प्रकार निराळा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानें ठराविक आकाराच्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यांस लावण्याचें बंधन घातलें, आणि तें १ एप्रिल २०१४ पासून अंमलांत आलें. हा पैसा ठरल्या कामासच लागला अशी संचालकांनीं स्वतःची खात्री करून घ्यावयाची आणि कंपनीच्या मुख्य वित्ताधिकाऱ्यानें तसें प्रमाणित करावयाचें, असा नियम आहे. म्हणून कंपनीचा तरुण कारकून तक्ते व छायाचित्रें मागूं लागला कीं संस्थेच्या वडीलधाऱ्यांनीं 'हा पोर आम्हांस शिकविणार काय' म्हणून रागावूं नये. त्या पोराच्या वरिष्ठास आपल्या सहीखालीं उत्तर द्यावयाचें असतें. अधिक राग येण्याजोगा भाग निराळाच आहे. कंपन्यांस एका वर्षांत दिसेल असें काम हवें असतें. रंगविलेली भिंत एका वर्षांत दिसते, वाचूं लागलेलें मूल दिसावयास वेळ लागतो.

परदेशांतून येणाऱ्या पैशास २०१० चा कायदा लागतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनें तो फार आवळला गेला. तो पैसा प्रथम दिल्लींतील स्टेट बँकेच्या नेमलेल्या शाखेंतच घ्यावयाचा, व्यवस्थापनखर्च शेंकडा पन्नासावरून वीसवर आणावयाचा, आणि मिळालेली रक्कम दुसऱ्या संस्थेस द्यावयाची नाहीं, अशीं बंधनें त्या दुरुस्तीनें घातलीं. परकी पैशावर देशानें नजर ठेवावी, यास आमचा विरोध असण्याचें कारण नाहीं. परंतु शहरांतील मोठी संस्था पैसे आणी व खेड्यांतील लहान संस्था त्यांवर काम करी, ही वाट शेवटच्या बंधनानें बंद झाली. आणि ज्यांच्यापाशीं टंकलेखक नाहीं, ते दिल्लीस खातें कसें उघडणार, याचा विचार झालेला दिसत नाहीं.

तुम्हां-आम्हां साध्या देणगीदारांसही नियम आहेत. आयकराची सूट टिकविण्यासाठीं संस्थेनें उत्पन्नाच्या शेंकडा पंचाऐंशी हिश्शाचा विनियोग उद्दिष्टांसाठीं करावा लागतो, आणि देणगीदारांची यादी दरवर्षीं आयकर खात्यास कळवावी लागते. दोन हजारांवरील रक्कम रोख दिली तर देणाऱ्यास त्या देणगीवर सूट मिळत नाहीं. तरीही पेठेंतून शाळेकडे पाकिटें जातात, व पावतीवर 'एक हितचिंतक' असें लिहिलें जातें. हितचिंतकानें आपलें हित कोठें चिंतिलें आहे, हें आयकर खातें कधींतरी विचारतें. आणि तेव्हां उत्तर द्यावयास संस्थेचा चिटणीस उभा असतो, हितचिंतक नव्हे.

हें सर्व सांभाळणार कोण? येथें आम्हांस आमच्या वाचकांशींच भांडावयाचें आहे. इमारतीस दाता मिळतो, सभागृहास मिळतो, प्रवेशद्वाराच्या कमानीस तर दोन मिळतात व नांव वर कोणाचें यावरून तंटा होतो. हिशेबनिसाच्या पगारास दाता मिळाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. जो शेट आपल्या पेढीवर चार मुनीम ठेवितो, तोच संस्थेच्या सभेंत 'हिशेबास वेगळा माणूस कशाला? चित्रकलेचे मास्तर रिकामेच असतात' असें म्हणतो! मग मास्तर चित्र काढावें तसा ताळेबंद काढतात. शिकलेला, पगारी, सहा वाजतां घरीं न पळणारा हिशेबनीस ही संस्थेची चैन नसून गरज आहे. प्रत्येक अनुदानाच्या अर्जांत त्याचा वाटा, शंभरांत पांच-सात रुपये, उघडपणें मागावा. आणि दात्यांनींही 'आमचा पैसा मुलांसाठींच' हा हट्ट सोडून तो द्यावा. ज्यांना तो देणें जिवावर येतें, त्यांना खोटा दाखला मिळाल्याचें आश्चर्य वाटूं नये.

बाकी कामें पैशांचीं नाहींत, सवयीचीं आहेत. मंजुरीपत्र आलें कीं तें फाईलींत गाडून न टाकतां त्यांतील अटी आणि तारखा एका वहींत उतरवाव्या, व ती वही दर मासिक सभेंत वाचली जावी. एका कार्याचा पैसा एका खात्यांत, निदान एका स्वतंत्र खतावणींत, ठेवावा; प्रत्येक खर्चाची पावती त्याच अनुदानाच्या क्रमांकाखालीं लागावी. अडचण आली, आणि ती येणारच, तर पैसा हलविण्यापूर्वीं दात्यास पत्र जावें. आमचा अनुभव असा आहे कीं, आधीं विचारल्यास दाते पुष्कळदां मुदत वाढवितात, एका बाबींतून दुसरींत रक्कम वळविण्यासही संमति देतात. मागाहून कळलें तर हेच दाते वकील नेमतात. कोऱ्या दाखल्यावर सही करूं नये, मग ती मागणारा कितीही मोठा अधिकारी असो. संस्थेस खडूपासून सिमेंटापर्यंत पुरवठा करणारा व्यापारी मंडळाचा सभासद किंवा त्याचा जांवई असेल, तर त्यानें तें सांगून त्या ठरावाच्या वेळीं उठून जावें. आणि वर्षाचा जमाखर्च सोप्या मराठींत, एका पानांत, शाळेच्या फलकावर लागावा. पालकांस ताळेबंद कळत नाहीं, ही सबब आम्हांस मान्य नाहीं. घरचा महिन्याचा खर्च जी बाई बोटांवर बसविते, तिला शाळेचा जमाखर्च कळण्यास अडचण येत नाहीं.

गुरुजींच्या संस्थेचें पुढें काय झालें, तें सांगावयाचें राहिलें. आमच्या सल्ल्यानें त्यांनीं कंपनीस सर्व हकीकत खरी लिहिली. सही चुकीची केली हें स्वतःच्या शब्दांत लिहिलें. कंपनीनें फौजदारी केली नाहीं. साडेतीन लाख एका वर्षांत परत प्रयोगशाळेच्या खात्यांत भरावे व दर तीन महिन्यांनीं पावत्या दाखवाव्या, अशी अट घातली. मंडळाच्या सभासदांनीं वर्गणी केली. ज्या शेटजींनीं ताळेबंद 'मंजूर' म्हटला होता त्यांनीं त्यांत एक लाख घातले, आणि बाकीचे येईपर्यंत खजिनदारपण मागून घेतलें. पुढल्या वार्षिक सभेस आम्ही हजर होतों. पूर्वीं अर्ध्या घटकेंत उरकणारी ती सभा साडेतीन तास चालली. शेटजींनीं पावत्यांची फाईल मांडीवर घेऊन एकेक कागद मोठ्यानें वाचला, सूक्ष्मदर्शकांच्या पावतींतील संख्येची कपाटांतील संख्येशीं ताळा घेण्यासाठीं दोघां सभासदांस प्रयोगशाळेंत पाठविलें, आणि ते परत येईपर्यंत चहा आणूं दिला नाहीं.